म्हैस, बगळा आणि यमक

या महिन्याच्या टपालातील चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून इतर वाचकांची क्षमा मागून हे पान त्यांनाच देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. पुढच्या तिघांनी तेही वाचावे, कारण त्यातल्या कवितेचे आणि शब्दांचे संदर्भ पुढच्या उत्तरांतही येतात.

प्रश्न : खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. वर्गात 22 मुले आहेत. निम्म्यांच्या घरी मराठी, काहींच्या घरी कोकणी आणि पाच-सहा जणांच्या घरी कन्नड बोलतात. प्राण्यांची कविता मुले मोठ्या आवाजात, एका दमात म्हणून टाकतात, पण कोणते दोन शब्द सारखे वाजतात असे विचारले की गप्प बसतात आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या की प्रत्येकाची टाळी वेगळी पडते. यमक आणि ताल या वयात शिकवता येतात का, आणि येत असल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर : शिकवता येतात, मात्र ‘यमक’ हा शब्द तोंडातून न काढता. फार वर्षांपूर्वी मी दुसरीच्या वर्गात फळ्यावर ‘यमक’ असे ठळक लिहून त्याची व्याख्या समजावून सांगितली होती. दुसऱ्या दिवशी यमक म्हणजे काय असे विचारताच मागच्या रांगेतील एक मुलगा उठला आणि तिळमात्र न अडखळता म्हणाला, “यमाचा रेडा.” हसू आले तरी त्याला चूक ठरवण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण शब्दाची फोड त्याने आपल्या परीने नीटच केली होती, व्याख्या सांगण्याची घाई माझी होती.

‘कोणते दोन शब्द सारखे वाजतात?’ हा आपला प्रश्न मोठ्यांना सोपा वाटतो, परंतु त्यासाठी मुलाला कविता थांबवावी लागते, तिच्यातले शब्द सुटे करावे लागतात, त्यांचे अर्थ बाजूला ठेवावे लागतात आणि मग केवळ ध्वनींची तुलना करावी लागते. सहा वर्षांच्या मुलाला ‘म्हैस’ म्हटले की म्हैस दिसते, त्या शब्दाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. म्हणून मुलाला यमक ओळखायला सांगण्याआधी त्याला यमकाची वाट पाहायला लावावे, असे माझे मत आहे. त्याची रीत पुढे सांगते, आधी कविता.

प्राणी मुलांच्या रोजच्या पाहण्यातला असावा. आपल्या तालुक्यातील मुलांना भीमगडच्या रानातला गवा ऐकून माहीत असतो, काहींनी तो शेताच्या कडेला पाहिलेलाही असतो, पण त्याची चाल सर्वांना ठाऊक नसते. म्हशीची चाल मात्र गोठ्यापासून ओढ्यापर्यंत सर्वांनी पाहिलेली आहे, आणि दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात रंगवून, सजवून पळवल्या जाणाऱ्या म्हशी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला तर तिची दुसरी चालही माहीत असते. पुढील ओळी मी या उत्तरापुरत्याच जुळवल्या आहेत. काव्य म्हणून त्यांची मातब्बरी नाही, पण त्यांत पाऊल नेमके पडते.

म्हैस निघाली डुलत डुलत,
गळ्यात घंटा हलत हलत.
डबके दिसता बसली खाली,
सगळी सगळी ओली झाली.
पाठीवरती बसला बगळा,
चिखल तिचा तो बघतो सगळा.
गवळी म्हणतो, “उठ गं बाई!”
म्हैस म्हणाली, “कसली घाई?”

पहिले दोन दिवस ही कविता फळ्यावर लिहू नये आणि मुलांकडून म्हणवूनही घेऊ नये. मुलांना पटांगणात न्यावे, आपण कविता म्हणावी आणि मुलांनी म्हशीसारखे चालावे. प्रत्येक ओळीत चार पावले येतात : म्हैस नि – घाली – डुलत – डुलत. पुढे, पाठी – वरती – बसला – बगळा. ओळीला चार पावले आणि म्हशीला चार पाय, एवढा हिशेब मुलांना लगेच पटतो. जाणकारांसाठी सांगायचे तर प्रत्येक पावलात चार मात्रा आहेत (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) आणि सोळा मात्रांची ही ओळ पादाकुलक या मात्रावृत्ताच्या वळणाची आहे. फक्त ‘डुलत’ आणि ‘हलत’ यांच्या तीनच मात्रा भरतात, म्हणून त्या प्रत्येक शब्दानंतर एका मात्रेची विश्रांती येते. ही विश्रांती मुद्दाम ठेवली आहे, कारण पाऊल टाकून क्षणभर थबकणे हा म्हशीचा स्वभावच आहे.

आपल्या वर्गात प्रत्येकाची टाळी वेगळी पडते याचे कारण बहुधा मुलांत नसून सूचनेत असावे. ‘टाळ्या वाजवा’ एवढेच सांगितले की काही मुले अक्षरागणिक टाळी देतात, काही शब्दागणिक, तर काही जण केवळ उत्साहाने. ‘बगळा’ या शब्दात लिहिताना तीन अक्षरे आहेत, पण आपण बोलतो ‘बग्-ळा’, म्हणजे कानाला दोनच ठोके ऐकू येतात. त्यातच ज्यांच्या घरी कन्नड बोलतात ती मुले शब्दाच्या शेवटचा स्वर स्पष्ट उच्चारण्याच्या सवयीची असतात, कारण कन्नड शब्द बहुधा स्वरान्त असतात. ‘म्हैस’ म्हणताना त्यांचा ‘स’ आपल्यापेक्षा थोडा अधिक रेंगाळतो आणि तेवढ्यात शेजाऱ्याची टाळी पुढे निघून जाते. यात सुधारण्यासारखे काही नाही. अक्षरांवर टाळी मागूच नये, पावलावर मागावी. पाय आधी आणि हात मागाहून, असा क्रम ठेवल्यास दोन-चार दिवसांत टाळ्या आपोआप जुळतात.

चाल अंगवळणी पडली की तिसऱ्या दिवसापासून यमकाला हात घालावा, आणि तो असा, की शेवटचा शब्द आपण म्हणूच नये. “डबके दिसता बसली खाली, सगळी सगळी ओली…” एवढे म्हणून ओठ मिटावेत, पाऊल मात्र टाकावे. पाऊल पडते आणि शब्द येत नाही, ही पोकळी मुलांना सहन होत नाही आणि चारसहा तोंडांतून एकदम “झाली!” असे येते. पहिल्याने ते पाठांतरातून येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी ओळच बदलून टाकावी, म्हणजे पाठांतराचा आधार सुटतो आणि मुलाला कानाकडे जावे लागते. “पाठीवरती बसली मैना, चिखलाची ही कसली…” म्हणून थांबावे. कोणी ‘दैना’ म्हणेल, कोणी ‘ऐना’ म्हणेल, आणि कोणी ‘फैना’ असा नसलेलाच शब्द ठोकून देईल. तिघांचीही उत्तरे बरोबर धरावीत. ज्याने ‘फैना’ म्हटले त्याला यमक पूर्ण कळले आहे. त्याच्याजवळ फक्त शब्द कमी आहेत, आणि शब्द पुढे मिळतच राहतात.

बगळ्याच्या जागी कोण बसेल असे विचारले, तर पहिले उत्तर नक्की ‘कावळा’ असेच येईल. ते आनंदाने स्वीकारावे आणि सर्वांनी चालत म्हणावे : “पाठीवरती बसला कावळा.” येथे मुले अडखळतात. ‘बगळा’ चार मात्रांचा आणि ‘कावळा’ पाच मात्रांचा, त्यामुळे शब्द पावलाच्या बाहेर सांडतो. मात्रा हा शब्द न उच्चारता विचारावे, “पाय का अडकला?” एखादी मुलगी म्हणेल, “कावळा लठ्ठ आहे.” छंदःशास्त्राची याहून चांगली व्याख्या पहिलीच्या वर्गात मिळणार नाही. मग कावळ्याला कोठे बसवायचे याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. ‘कावळा बसला’ असे उलटवूनही ओळ सुधारत नाही हे त्यांना पायांनीच कळेल, आणि कावळ्याची जोडी ‘बावळा’, ‘सावळा’ यांच्याशी जमते हे कानांनी कळेल.

एक कबुली येथेच देऊन ठेवते. ‘बगळा–सगळा’, ‘बाई–घाई’, ‘खाली–झाली’ ही यमके भरीव आहेत, कारण त्यांत शेवटच्या अक्षराबरोबर त्याआधीचा स्वरही जुळतो. ‘डुलत–हलत’ मात्र त्या मानाने ढिले आहे, तेथे फक्त ‘लत’ जुळते आणि ‘डु’ व ‘ह’ यांचे स्वर वेगळे राहतात. एखाद्या मुलाने ‘डुलत’ला ‘झुलत’, ‘फुलत’, ‘खुलत’ असे शब्द काढून दिले, तर त्याचा कान माझ्यापेक्षा बरा आहे असे समजावे.

आपण स्वतः ओळी जुळवू लागलात तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. मराठीत पिलांची नावे जणू यमकासाठीच घडवलेली आहेत : वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू, आणि त्यांच्याच रांगेत आपले लेकरू. अनेकवचनातही ती साथ सोडत नाहीत. वासरे, कोकरे, पाखरे, लेकरे पुन्हा जुळलेलीच राहतात, आणि बोलीतल्या वासरं-लेकरं यांनाही तोच न्याय. उलट ‘येते, जाते, खाते, गाते’ असे ओळीमागून ओळ क्रियापदांवर संपवणे टाळावे. त्यात यमक फुकट मिळते आणि जे फुकट मिळते त्याची मूल वाटही पाहत नाही. ‘खाली’ या साध्या अव्ययाला ‘झाली’ हे क्रियापद भेटले की कान टवकारतात, तसे ‘आली–गेली’ने टवकारत नाहीत.

घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना या खेळात मागे ठेवू नये, कारण त्यांच्याजवळ जास्तीचा माल आहे. म्हशीला कन्नडमध्ये ‘एम्मे’ म्हणतात. “एम्मे आली डुलत डुलत” असे म्हणून पाहा, पाऊल तंतोतंत पडते. उंदीर म्हणजे ‘इली’ आणि वाघ म्हणजे ‘हुली’, हत्ती म्हणजे ‘आने’ आणि घर म्हणजे ‘मने’, या जोड्या मुलेच आणून देतील. जुन्या कन्नड काव्यात तर प्रत्येक ओळीचे दुसरे अक्षर जुळवण्याची, म्हणजे आदिप्रासाची, शिस्त आहे. आपण ओळीच्या शेवटाकडे कान लावतो, ती परंपरा ओळीच्या आरंभाकडेही लावते. शाळेत कन्नड शिकवणारे सहकारी असतील तर त्यांना एक दिवस वर्गावर बोलवावे. गंमत म्हणून हेही सांगण्यासारखे आहे, की कन्नडमध्ये रेड्याला ‘कोण’ म्हणतात. दारात रेडा उभा असताना मराठी मुलाने “कोण आला?” असे विचारावे आणि कन्नड मुलाने “कोण!” असेच उत्तर द्यावे, यावर वर्ग किती वेळ हसेल ते सांगता येत नाही.

म्हैस डबक्यात का बसते, असे मुले विचारतीलच. तिच्या अंगात घामाच्या ग्रंथी कमी असतात आणि कातडी काळी असल्याने ती उन्हात लवकर तापते, म्हणून पाणी आणि चिखल हाच तिचा गारवा. बगळा तिच्याजवळ असतो तो गुरांच्या पायांनी उडणारे किडे टिपण्यासाठी. एवढे सांगून पुन्हा चालायला लागावे. ही कविता किमान दोन आठवडे पुरवावी. रोज नवी कविता देण्याने पाठांतर वाढते, कान मात्र तयार होत नाही.

प्रश्न : निपाणीहून लिहीत आहे. नातू सात वर्षांचा असून त्याला लघु-गुरू आणि वृत्ते आतापासूनच शिकवावीत अशी माझी इच्छा आहे. आमच्या वेळी ती पाठ करून घेत असत. सूनबाईंचे म्हणणे, हे वय नाही. आपले मत काय?

उत्तर : गणांची कोष्टके पाठ करण्याचे हे वय नाही, येथपर्यंत सूनबाईंशी मी सहमत आहे, परंतु लघु (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) हाताला शिकवता येतात. मांडीवर बोटाने नुसती टिचकी मारली की लघु, आणि तळहात टेकवून तेथेच ठेवला की गुरू. ‘ससा’ म्हणजे टिचकी आणि तळहात, ‘मोर’ म्हणजे तळहात आणि टिचकी, ‘शेळी’ म्हणजे दोन तळहात, ‘बगळा’ म्हणजे दोन टिचक्या आणि एक तळहात. ‘हत्ती’ विचारला तर नातू एक टिचकी आणि एक तळहात देईल. त्याला ‘हत्‌-ती’ असे सावकाश म्हणायला लावावे, म्हणजे जोडाक्षराचा भार मागच्या ‘ह’वर येऊन तोही गुरू होतो हे त्याला जाणवेल. नियम सांगण्याची गरज पडणार नाही.

मग ‘ससोबा’ हा शब्द घ्यावा : एक टिचकी, दोन तळहात. तो चार वेळा ओळीने म्हणावा, ससोबा ससोबा ससोबा ससोबा, आणि लगेच त्याच ठेक्यावर समर्थांच्या मनाच्या श्लोकांतील कोणतीही ओळ म्हणावी. ते सर्व 205 श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत, त्याच्या ओळीत बारा अक्षरे असतात आणि लघु-गुरू-गुरू हा एकच तुकडा चारदा येतो. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. जुन्यांनी वृत्तांना नावे देताना प्राणी बरेच पाहिलेले दिसतात : शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाचा खेळ, मत्तमयूर म्हणजे माजलेला मोर. लग्नात अक्षता हातात धरून आपण जी मंगलाष्टके ऐकतो ती बहुधा शार्दूलविक्रीडितातच असतात, आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर एकोणीस अक्षरांचा वाघ खेळतो आहे हे नातवाला सांगितले, तर पुढच्या लग्नात तो शेवटपर्यंत बसून राहील.

प्रश्न : आम्ही बेळगाव शहरात राहतो. मुलगी चार वर्षांची आहे. दिवसभर ‘मांजर-पांजर-टांजर’, ‘आने-गिने-फिने’ असे निरर्थक शब्द जुळवत बसते; त्यात मराठी, कन्नड, इंग्रजी सारे एकत्र असते. भाषा बिघडेल म्हणून घरातील मोठी माणसे तिला दटावतात. तिला थांबवावे का?

उत्तर : मुळीच थांबवू नये. दटावणारी मोठी माणसे स्वतः ‘चहाबिहा घेतला का?’, ‘घरबीर पाहून ठेवा’ असे दिवसातून दहा वेळा म्हणत असतील. कन्नड शेजारी त्याच जागी ‘ऊट-गीट’ (ऊट म्हणजे जेवण), ‘मने-गिने’ म्हणतात. मराठी ‘बि’ लावते आणि कन्नड ‘गि’ लावते, एवढाच फरक. आपल्या मुलीने ‘आने-गिने’ म्हटले तेव्हा तिने कन्नडचा नियम कन्नड शब्दाला लावला आहे. ‘मांजर’ला तिच्याकडून ‘बिंजर’ही कधी येते का, एवढे फक्त ऐकत राहावे. आले, तर कोणत्या भाषेला कोणते अक्षर लावायचे हे तिने कोणी न शिकवता वेगळे केले आहे. तिच्या जोडीला बसून ‘मांजर’नंतर ‘गाजर’ म्हणावे आणि ते तिला जुळलेले वाटते की नाही ते तिलाच ठरवू द्यावे.

प्रश्न : चिकोडी तालुक्यातील शाळेत स्नेहसंमेलनासाठी प्राण्यांची कविता बसवत आहोत. एक मुलगा कायम अर्धे पाऊल मागे असतो. त्याला वगळावे असे इतरांचे मत आहे. मला ते पटत नाही, पण त्याचे काय करावे तेही सुचत नाही.

उत्तर : वगळू नये. जो मुलगा अर्धे पाऊल मागे असतो तो बहुधा दुसऱ्यांचे ऐकून मग म्हणत असतो, म्हणजे त्याचा कान चालू आहे. सामूहिक म्हणण्यात तो मागे पडतो, पण जेथे इतर थांबतात ती जागा त्याच्या हवाली करता येते. वरील म्हशीचीच कविता घेत असाल, तर पहिल्या दोन ओळींत ‘डुलत’ आणि ‘हलत’ यांच्यानंतर एकेका मात्रेची विश्रांती आहे, म्हणजे चार ठिकाणी. गुराच्या गळ्यातली खरी घंटा त्याच्या हातात द्यावी आणि त्या चार जागी वाजवायला सांगावी. त्याने इतरांचा शब्द ऐकून मगच घंटा हलवायची असल्याने त्याचे मागे राहणे येथे नेमके वेळेवर पडते. मुखवटे मात्र तालमीत घालू नयेत, पुठ्ठ्याआड मुलांना एकमेकांचा आवाज नीट ऐकू येत नाही. ते कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावेत, आणि कानांना भोके ठेवावीत.